शालनताईंचं मुकं भजनी मंडळ

आमच्या नीलगंगा सोसायटीत एक भजनी मंडळ आहे आणि त्यातल्या एकालाही भजन येत नाही. ही गोष्ट कळायला मला दोन वर्षं लागली. मी या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. कोणाकडे नवा भाडेकरू आला, कोणाच्या कुंडीचं पाणी कोणाच्या वाळत टाकलेल्या गादीवर पडलं, हे मला त्याच दिवशी कळतं. तरी हे कळलं नाही. बायको म्हणते, "तुम्हाला सांगायची सवय आहे, ऐकायची नाही." तिच्याशी मी वाद घालत नाही, कारण वादातही ती हेच म्हणते.

मंडळ शालनताई वाडकरांचं. कामोठ्यात आमच्या बिल्डिंगला लागून रस्त्याकडेला जे गाळे आहेत, त्यांतल्या एकात त्यांचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे आणि मागच्या विंगमध्ये त्या राहतात. बाई मूळच्या कराडकडच्या. ठेंगण्या, गळ्यात कायम टेप आणि जिभेला हाड नाही. टेलर असूनही सांगितलेल्या दिवशी ब्लाऊज देतात, यावरून त्यांची योग्यता ओळखावी. माझ्या बायकोला, वैशालीला, त्यांनी एकदा भर दुकानात सांगितलं, "वहिनी, जुनं माप धरू नका, जुन्या मापाच्या तुमी ऱ्हायला न्हाई." वैशाली तणतणत घरी आली आणि पुढचा ब्लाऊज पुन्हा त्यांच्याकडेच टाकला.

मंडळाचं बारसं मीच केलं. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका वाढदिवसाला भिंतींना केक फासला गेला, तेव्हापासून सर्वसाधारण सभेचा ठराव आहे की हॉल फक्त धार्मिक कार्यक्रमांना द्यायचा. शालनताईंनी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी हॉल मागितला. कशासाठी ते विचारायचं माझ्याकडून राहून गेलं म्हणून मी बघायला गेलो. आठ-दहा माणसं सतरंजीवर गोल करून बसलेली. मधे शिऱ्याचं पातेलं. एक गृहस्थ डोळे मिटून बसलेले, एक मुलगी ओढणीने डोळे पुसतेय. आता तुम्हीच सांगा, मराठी माणसाने काय समजायचं?

"वा! भजनी मंडळ!" मी म्हणालो.

शालनताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "शिरा घ्या."

मी शिरा खाल्ला आणि त्याच दिवशी फलकावर 'भजनी मंडळ, दुसरा शनिवार' असं सुवाच्य अक्षरात लिहून टाकलं. पुढे कधी टाळ ऐकू आले नाहीत, पण नामस्मरण चालत असेल अशी मी समजूत करून घेतली. ज्या कार्यक्रमाबद्दल तक्रार येत नाही, त्याच्या खोलात कुठलाही शहाणा सेक्रेटरी जात नाही.

आणि माझं लक्ष तरी कुठे होतं? त्याच सुमारास आमच्या घराची घडी विस्कटली होती. आमचा पार्थ ऐरोलीला एका आयटी कंपनीत होता. शांत पोरगा. एकाएकी त्याची झोप उडाली. विमानतळ होतोय, उलव्याला मिसळीचं हॉटेल काढायचं, असं ठरवून त्याने राजीनामा देऊन टाकला आणि रस्त्यात भेटेल त्याला मॅनेजर नेमायला लागला. आमच्या कोकणी घराण्यात धंदा करणारा पहिलाच, म्हणून मी आधी कौतुकच केलं. दळव्यांच्या पोटी मालक जन्माला आला, असं पाहुण्यांना सांगितलंही. मग तो इतक्या वेगाने बोलायला लागला, की त्याचं त्यालाच पुरं पडेना. आणि पुढच्या महिन्यात तोच पोरगा भिंतीकडे तोंड करून पडला. अंघोळ नाही, जेवण नाही. "बाबा, मी नसतो तर बरं झालं असतं," असं तो म्हणाला, तेव्हा मी त्याच्या पलंगापाशीच माझं अंथरूण टाकलं.

डॉक्टरांनी सांगितलं, बायपोलर. मन कधी फार वर जातं, कधी फार खाली. आजार आहे, औषधांनी ताब्यात राहतो, मात्र औषधं आपल्या मनाने सोडायची नाहीत.

हे डॉक्टर दादरचे. पनवेलला, कळंबोलीला डॉक्टर नव्हते असं नाही. पण तिथे कोणी बघितलं तर? म्हणून दादर. पहिल्याच दिवशी तिथे बाकावर आमच्या समोरच्या सोसायटीचे चेअरमन बसलेले. मला बघून ते गडबडले आणि म्हणाले, "दातांचं बघायला आलो होतो." मीही म्हणालो, "आमचंही दातांचंच." मग आम्ही दोघं मनाच्या डॉक्टरांच्या दारात बसून अक्कलदाढेवर बराच वेळ बोललो.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. गोळ्यांबरोबर त्याला असाच आजार असलेल्या माणसांत बसवा, त्याने फरक पडतो. आता अशी माणसं शोधायची कुठे? भाजीसारखी ती बाजारात थोडीच बसतात! वैशालीने इंटरनेट पालथं घातलं. एक गट सापडला तो पार बांद्र्याला, आणि सगळं बोलणं इंग्रजीत. एक ऑनलाइन होता, त्यात पार्थ कॅमेरा बंद करून बसला आणि नंतर म्हणाला, "तिकडे सगळे फाडफाड बोलतात, मी काय बोलणार?" एका नंबरवर मी फोन लावला, तर तिथे आता केकच्या ऑर्डरी घेतात. बाईंनी मला एगलेस हवा का, तेवढं मात्र आपुलकीने विचारलं.

तरी गोळ्यांनी पार्थ सावरला. दुसरी नोकरी लागली, जेवायला लागला. आम्ही जरा श्वास घेतो तोच या जानेवारीत वैशालीला त्याच्या गादीखाली गोळ्या सापडल्या. न घेतलेल्या. मी आवाज चढवला, त्याने माझ्याहून चढवला.

"मी बरा आहे! आयुष्यभर गोळ्या खायला मी म्हातारा आहे का? आणि तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

खरंच, मला काय कळत होतं? पुन्हा ते मिसळीचं हॉटेल आणि पुन्हा ती भिंत, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं. त्या भिंतीपासून तो दुसऱ्यांदा परत येईल याची खात्री कोण देणार? त्याने ऐकावं असा एक माणूस मला हवा होता, आणि तो आई-बाप सोडून दुसराच कोणीतरी असायला हवा होता.

अशा मनःस्थितीत मी सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाची तयारी करत होतो. सकाळी झेंडा, संध्याकाळी महापूजा, हा आमचा रिवाज. यंदा मी हौसेने बॅनरवर छापून घेतलं, 'सुश्राव्य भजन: शालनताई वाडकर आणि मंडळी.' पेटीवाला आणि तबलजीही सांगून ठेवले. बॅनर गेटवर चढला आणि तासाभरात शालनताई आमच्या दारात हजर. गळ्यात टेप होताच.

"दळवीसाहेब, ते भजनाचं काढा तेवढं."

"का हो? घसा बसला का?"

"घसा बरा हाय. भजन येत न्हाई."

"दोन वर्षं म्हणताय की!"

"आमी कवा म्हणलं? तुमीच म्हणलात." त्या सोफ्यावर टेकल्या. "आमी सगळी डोक्याच्या डॉक्टरकडं जाणारी माणसं हाय. महिन्यातनं एकदा बसतो, बोलतो, शिरा खातो. मला बायपोलर हाय. लई वर्षं झाली."

वैशाली चहा घेऊन येत होती, ती तिथेच थांबली. आमच्या घरात हा शब्द दार लावून, तोही कुजबुजत बोलला जायचा. या बाईंनी तो बाहीचं माप सांगावं तसा सांगितला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगणारच हुते. पर तुमी भजनी मंडळ म्हणलात आन् आमच्यातल्यास्नी बरं वाटलं. घरी काय सांगून यायचं, ह्येच त्यास्नी कोडं हुतं. गंगारामभाऊ सुनंला भजनाला जातो सांगत्यात. कळंबोलीची संघमित्रा तेवढी अडकली. तिची आई म्हणली, आपल्यात कुठलं आलं भजन? मग ती शिवण शिकाया जाते म्हणून सांगती. दोन वर्षं झाली, आई इचारती, एखादा ब्लाऊज तरी दाखव!"

मी हसू की रडू अशा अवस्थेत होतो. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि पार्थ बाहेर आला. त्याने सगळं ऐकलं होतं.

"कुठली गोळी घेता तुम्ही?"

"लिथियम. तू?"

"मीपण." मग जरा थांबून, "घ्यायचो."

मी तोंड उघडणार तोच वैशालीने माझा हात दाबला. शालनताईंनी त्याला शेजारी बसवलं आणि स्वतःची कथा सुरू केली. बऱ्याच वर्षांपूर्वी, एका दिवाळीत, त्यांना झोप लागेना आणि हात थांबेनात. सगळ्या गिऱ्हाइकांच्या ब्लाऊजवर, पाठीवर, पिसारा फुलवलेला मोर काढायचा, असं त्यांच्या डोक्यात आलं. विचारलं कोणालाच नाही. लक्ष्मीपूजनाला अख्ख्या गल्लीतल्या बायकांच्या पाठीवर मोर. सासवांच्याही. "एक मास्तरीण बाई तर साळंत मोर घिऊन गेल्या," त्या म्हणाल्या, "पोरं फळ्याकडं बघंनात!"

पार्थ हसला. कितीतरी दिवसांनी तो मोठ्याने हसला आणि वैशालीने तोंड फिरवून घेतलं.

"मग दिवाळी झाली आन् कात्री उचलंना. नुसती बसून. मालकांनी आदी देवरुषी केला, मग डॉक्टर. गोळ्यांनी सुधारले. सुधारले म्हणून सोडल्या. दोनदा सोडल्या. बरं गोळीमुळं वाटत असतंय बाळा, आन् आपल्याला वाटतं आपल्यामुळं. तू का सोडल्यास?"

आम्हाला कधी न दिलेलं उत्तर त्याने तिथल्या तिथे दिलं. "वजन वाढलं, मावशी. एक पँट होत नाही. ऑफिसात हसतात."

"मग पँट घिऊन ये, सैल करून देते! गोळी कशाला सोडायची?" मग जरा हळू आवाजात, "आन् डॉक्टरला फोन कर आजच. सोडल्यात म्हणून सांग, वजनाचंबी सांग. माझा हात कापायचा, सुईत दोरा जाईना, तर त्यांनी रक्त तपासून डोस बदलून दिला. आपल्या मनानं काय बी करायचं न्हाई. आन् डॉक्टर गावला न्हाई, मन लईच खाली गेलं, तर चौदा चार सोळा लाव. सरकारचा नंबर हाय, फुकट, मराठीत बोलत्यात."

पार्थने फोनमध्ये नंबर टाकला. मग आत गेला आणि डॉक्टरांशी बोलताना त्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. तेवढ्यात वैशालीने शालनताईंना दादरच्या दोन वर्षांच्या खेपा सांगून टाकल्या.

मी शालनताईंना म्हटलं, "बॅनरची काळजी करू नका. तुमचा घसा बसला म्हणून मी जाहीर करतो. कोणाला काही कळणार नाही."

त्या उठल्या. "न्हाई. ऱ्हाऊ द्या बॅनर. तुमी दोन वर्षं दादरला खेपा घालताय आन् आमी तुमच्या पायाखाली सतरंजी टाकून बसतोय. ज्याला पायजे त्यालाच गावत न्हाई, असलं कसलं मंडळ आमचं? मी इचारते सगळ्यास्नी. येतील ते येतील."

सव्वीस तारखेला आरती झाली, तीर्थप्रसाद सुरू झाला आणि मंडळ हॉलमध्ये आलं. निम्मेच आले होते. शालनताई, टोपी घातलेले गंगारामभाऊ, संघमित्रा, आणखी दोघं. सतरंजीवर बसले. पेटीवाल्याने सूर धरला आणि विचारलं, "कुठली पट्टी?" गंगारामभाऊंनी हात जोडले.

आणि मग पार्थ उठला. आमच्या शेजारची खुर्ची सोडून सरळ चालत गेला आणि सतरंजीवर मांडी घालून बसला. आमच्याशी याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. मी वैशालीकडे पाहिलं. तिलाही ठाऊक नव्हतं.

शालनताईंनी माइक घेतला. "मंडळी, आमाला भजन येत न्हाई. पेटीवाले, तुमी शिरा खावा." लोक हसले. "आमी मनाच्या आजाराची माणसं. औषधं घेतो, कामाला जातो, आन् दुसऱ्या शनवारी हितं बसून बोलतो. कुनाच्या घरात असलं कोन असंल, तर या. घरच्यांनीबी या. नाव इचारत न्हाई, हितलं बाहेर सांगत न्हाई. संपलं."

कोणी कोणाकडे बघेना. आमच्या खजिनदारांच्या स्नेहलवहिनींना शांतता अजिबात सोसत नाही. त्या शिऱ्याचं ताट घेऊन लगबगीने सतरंजीकडे गेल्या. पार्थला पाहून थबकल्या.

"अरे पार्थ, तू इथे कसा? तू भजन शिकतोस?"

"नाही काकू, मला बायपोलर आहे," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "मध्ये गोळ्या सोडल्या होत्या, डॉक्टरांना विचारून परत सुरू केल्यात. शिरा थोडासाच द्या, वजन वाढतं."

स्नेहलवहिनींनी थोडासाच दिला. मग त्या तिथेच सतरंजीच्या कडेला खाली बसल्या, ताट मांडीवर घेऊन, आणि संघमित्राला हळूच विचारू लागल्या, "शनिवारी किती वाजता असतं?"

यानंतर आभारप्रदर्शन होतं. ते माझ्याकडे. मंडपवाल्यापासून भटजींपर्यंत सगळ्यांचे आभार मी दरवर्षी इतके सविस्तर मानतो, की लोक चपला शोधायला लागतात. त्या दिवशी माइक हातात घेतला आणि समोर पोरगा दिसला, गंगारामभाऊंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेला. माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं.

"शालनताई, मी आभारी आहे."

आणि मी खाली बसलो.