तांदळातलं नाव

माझ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा सुनेचं नवीन नाव माझ्याकडे तयार होतं. मुलगा पाळण्यात होता तेव्हापासून म्हणा ना! आमच्याकडे लग्नातल्या लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यावर बायकोचं नवं नाव लिहितो. मी तर उत्साहाच्या भरात पेढ्यांच्या बॉक्सवर ते नाव छापूनही घेतलं होतं.

सून युक्रेनची. युद्धामुळे घर सोडून जर्मनीत आलेली, तिथेच माझ्या मुलाची आणि तिची ओळख झाली. लग्नाआधी ती डोंबिवलीजवळ कोपरला आमच्याकडे राहायला आली, तेही मोडकंतोडकं मराठी शिकून. मी कौतुकाने बॉक्स दाखवला. मुलाने नाव वाचलं, अर्थ सांगितला. तिने बॉक्स अलगद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आई, आडनाव चालेल. नाव नाही."

असा राग आला मला! सगळी नोकरी ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत तिकीटखिडकीवर झालेली, माझा आवाज मुळातच लहान नाही. "अगं, आम्ही सगळ्यांनी बदलली नावं. काय बिघडलं आमचं?" मुलगा मध्ये पडला, त्यालाही झापलं. यजमानांनी पेपरात तोंड खुपसलं. तेवढ्यात शेजारच्या वहिनी डोकावल्या, "आली का तुमची रशियन सून?" मी म्हटलं, "आली बाई." पोरीचा चेहरा खर्रकन उतरला आणि ती आत निघून गेली.

मग अबोला. पण लग्नघरात अबोला धरून करंज्या होतात का? मी लाटायला बसले तशी ती न बोलावता येऊन समोर बसली. पारी हातावर घेतली, सारण भरलं आणि कडेला अशी सुबक मुरड घातली की मी बघतच राहिले. त्यांच्याकडेही म्हणे बटाटा नाहीतर चेरी भरून असंच काहीतरी करतात, फक्त उकडून. आजीने शिकवलेलं.

"आई, आम्ही रशियन नाही," मुरड घालता घालता ती म्हणाली. आणि मग अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत सांगत बसली. अडलं की मुलगा सांगायचा. त्यांच्या मोकळ्या माळावरचे घोडेस्वार आपला सरदार आपणच निवडायचे. मी म्हटलं, "म्हणजे आपले मावळेच की गं!" पुढे रशियाच्या बादशहाचं राज्य आलं, त्यांच्या भाषेत पुस्तकं छापायला बंदी झाली. त्यानंतरच्या सोव्हिएत सरकारने तर घराघरातून धान्य उचलून नेलं, पिकवणारी माणसं उपाशी मेली. तिची पणजी तेव्हा लहान होती, ती कशीबशी वाचली.

"आणि आजोबा," ती म्हणाली. "घरात एक नाव. शाळेत, कारखान्यात रशियन नाव. त्यांना कोणी विचारलं नाही." देश स्वतंत्र झाला तेव्हा आजोबा भरतकामाचा ठेवणीतला सदरा घालून कचेरीत रांगेत उभे राहिले, कागदावर आपलं खरं नाव लावून घ्यायला. खिडकीतल्या बाईने त्या नावाने हाक मारली, तर म्हातारा तिथेच रडायला लागला.

खिडकीतली बाई! मीही जन्मभर खिडकीतलीच बाई. माझ्या बाबांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लाठ्या खाल्लेल्या, ते हौसेने पाठीवरचा व्रण दाखवायचे. त्यांची लेक मी, आणि या पोरीचं नाव पुसायला निघालेली! तळायला सोडलेल्या करंज्या कढईत करपल्या, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

"आई, तुमचं आधीचं नाव काय?" तिने विचारलं. या घरात मला हे कधीच कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. तिने ते घोळवून घोळवून नीट म्हणून बघितलं.

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीत जाऊन मी तिच्याच नावाचे स्टिकर छापून आणले आणि आम्ही दोघींनी एकेका बॉक्सवर चिकटवले. वहिनी पुन्हा डोकावल्या तेव्हा म्हटलं, "रशियन नाही हो, युक्रेनची. बसा, चहा टाकते आणि सगळं सांगते." घोडेस्वारांपासून सुरुवात केली. बिचाऱ्यांचा कुकर लावायचा राहिला.

लग्न छान झालं. लक्ष्मीपूजनाला मुलाने तांदळात तिचंच नाव लिहिलं, आपल्या मराठी अक्षरांत. तिचे आईवडील व्हिडिओ कॉलवर होते, युद्धामुळे वडिलांना देश सोडता येत नाही. त्यांनी आजोबांसारखाच भरतकामाचा सदरा घातला होता. तिने ताट फोनसमोर धरून नाव वाचून दाखवलं. मग ते तिकडून मोठ्याने तेच नाव म्हणाले, लेकीला हाक मारावी तसं. मला रडू आवरेना.

पाहुणे पांगल्यावर मी ताट उचलायला गेले. उद्या त्याच तांदळाचा भात करायचा होता, एक दाणाही टाकायचा नाही असं तिने बजावलेलं. तिने माझा हात धरला, तांदूळ तळव्याने सारखे केले आणि अंगठी यजमानांच्या हातात दिली. "बाबा, आता आईंचं. पहिलं."

यजमान लाजले. आमच्या लग्नात याच माणसाने माझं नवं नाव लिहिलं होतं. मला वाटलं, जुनं विसरलेही असतील. पण त्यांनी चष्मा सारखा केला आणि न अडखळता लिहिलं. मग वर बघून त्याच नावाने मला हाक मारली.

मी ओ दिली.