फोटोखाली कोणी लिहिलं नाही

काचबिंदूने माझी नजर नेली, तोंड मात्र शाबूत ठेवलं. मग फोनही मी बोलका घेतला. पडद्यावर बोट फिरवलं की तो मोठ्याने वाचून दाखवतो. पण अक्षरं आणि इमोजींची नावं तेवढी वाचतो, चित्रं नाही. चित्र आलं की नुसतं म्हणतो, "फोटो." आणि आमच्या निवृत्त मास्तरांच्या ग्रुपवर तर लग्न, बारसं, मरण, सगळं फोटोतूनच कळवायची रीत. दुकानातून रंगीत कार्ड करून आणायचं आणि टाकून मोकळं व्हायचं. "अरे, खाली दोन ओळी लिहीत जा," म्हणून मी शंभरदा ओरडलो. पालथ्या घड्यावर पाणी.

लिहायचा तो एकटाच. पवनीचा माझा मित्र, अर्धी नोकरी माझ्या शेजारच्या वर्गात शिकवलेला. कोणीही फोटो टाकला की खाली त्याची ओळ यायची. "तुमचा साळा हाय. टोपी घालून टक्कल लपवून राहिला." त्यात खरं किती आणि चहाटळपणा किती, देव जाणे. पण तो ग्रुप मला दिसायचा तो त्याच्यामुळेच.

त्या दिवशी आषाढ पौर्णिमा होती. घरची सगळी सकाळीच रोवण्याला, भात लावायला, बांधीत गेली होती. सून खीर करून ठेवून गेली होती. मी खाटेवर बसून फोन उघडला. "फोटो." मग "जोडलेले हात." पुन्हा "जोडलेले हात." लागोपाठ तेच. गुरुपौर्णिमेचा दिवस आणि मास्तरांचा ग्रुप, हात जोडले नसते तरच नवल! मित्राची ओळ मात्र फोटोखाली नव्हती. मला चेव आला. बटण दाबून मी माझा आवाज पाठवला, "सगळ्यायले मंगल कामना! अन् पवनीचे गुरुजी अजून उठले नाही वाटते. तोंडावर पाणी मारा कोणी, उठवा त्याइले!"

मग मी खीर खायला बसलो. छान झाली होती.

वाटी खाली ठेवतो तोच फोन वाजला. ग्रुपमधलेच एक सर होते, भडकलेले. "सर, असं काहून बोलले तुम्ही? मेलेल्या माणसाची मस्करी करते का कोणी?"

"कोण मेलं?"

सर हळूच म्हणाले, "सकाळीच कार्ड टाकलं ना जी ग्रुपवर. तुमचा आवाज त्याइच्या घरीबी ऐकला सगळ्यायनं."

मी मुलाला फोन लावला. तो चिखलाच्या पायांनी तसाच गाडी घेऊन आला. मला एकच हवं होतं, नेण्याआधी मित्राचा हात एकदा हातात घ्यायचा. शेवटचं तोंड पाहणं म्हणतात, ते माझ्यासाठी तेवढंच होतं. पवनी येईपर्यंत मी मुलावर ओरडत होतो, गाडी हळू चालवतोस म्हणून.

वैनगंगेच्या काठावर उतरलो आणि तोंडाला चितेची आच लागली. रडूसुद्धा येईना, नुसता थिजून उभा राहिलो. एकेक जण जवळ येऊन सांगू लागला, "सर, टाकलं होतं ना ग्रुपवर."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "एवढे हात जोडले, त्यातल्या एकाही हातानं मले फोन नाही करता आला?"

कोणीतरी पुटपुटलं, "आमाले वाटलं, तुम्हाले सगळ्यायच्या पयले माहीत असन."

मी मुलाचा दंड धरून त्याला बाजूला नेलं, माझा फोन त्याच्या हातात दिला. "सकाळचं ते कार्ड वाच."

त्याने वाचलं. मित्राचं नाव, भावपूर्ण आदरांजली, कुठून आणि किती वाजता नेणार ते. मग तो थांबला.

"पुढं?"

"खाली शोकाकुल लिहून हाय, बाबा. घरच्यायची नावं हायेत." त्याने माझा हात धरला. "अन् त्याच्या खाली तुमचं."

मी म्हटलं, पुन्हा वाच.