अक्कांनी बसवलेला पंप

"का आगल्ला, ते सांग," असं म्हणून अक्का कमरेवर हात ठेवायच्या. आगल्ला म्हणजे कन्नडमध्ये 'होणार नाही'. हा शब्द कुणी काढला की कारण ऐकल्याशिवाय त्या माणसाला हलू द्यायच्या नाहीत. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. तिला नाही म्हणायला गेलेला माणूस तिचं काम करूनच परततो.

हिनकलला मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. खाली अक्का ब्लाउज शिवायच्या. मागच्या खोलीत त्यांची नणंद, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. दोघींचं जन्मात पटलं नव्हतं. "लग्नात हिने माझ्या रंगावरून बोलणं काढलं होतं," हे अक्का मला नणंदेच्या देखतच सांगायच्या. पण अक्कांचा पुतण्या तिला आश्रमात ठेवू म्हणाला, तेव्हा त्याला चहासुद्धा न विचारता त्यांनी वाटेला लावलं.

गच्चीवर सोलरची टाकी होती, पण मागचं न्हाणीघर घराच्या पार दुसऱ्या टोकाला. नळाला गरम पाणी यायच्या आधी तीन बादल्या गार पाणी सोडावं लागे, आणि उन्हाळ्यात बोअरला तेवढं पाणीच नसे. म्हणून अक्का सत्तरीतही गॅसवर पाणी तापवून पातेलं उचलून न्यायच्या. एकदा पाय घसरला आणि पाऊल भाजलं. त्याच आठवड्यात त्यांनी लष्कर मोहल्ल्यातल्या ओळखीच्या प्लंबरला बोलावलं.

"नळापासून टाकीपर्यंत परतीचा पाइप न्यायचा, मध्ये छोटा पंप बसवायचा," तो म्हणाला. "बटण दाबलं की पाइपातलं गार पाणी टाकीत परत जातं, मागून गरम येतं. पण हे लॉजमध्ये करतात, अम्मा. घरात आगल्ला."

"का आगल्ला, ते सांग. लॉजमधलं पाणी वेगळं असतंय काय?"

दोन दिवसांनी तो पाइप घेऊन आला.

पंप बसला, बटण दाबलं, नळ उघडला. पाणी आलं ते कोमट. "सांगितलं होतं, अम्मा," म्हणत प्लंबर हत्यारं आवरू लागला.

अक्का बँडेज बांधलेल्या पायाने जिना चढल्या. मी खाली नळ उघडायचा, बंद करायचा, आणि त्या गच्चीवर परतीच्या पाइपावर तळहात ठेवून बसलेल्या. चार-पाच वेळा झाल्यावर त्यांनी प्लंबरला वर हाक मारली.

"हात लाव. नळ उघडला की हा पाइप गार पडतोय. टाकीच्या तळचं गार पाणी ह्याच वाटेने उलटं खाली येतंय. त्याला अडवायचं काहीतरी बसवलंस काय?"

प्लंबरने पाइपावर हात ठेवून पाहिला. मग दुकानात गेला आणि पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून नणंदेचा अडखळता आवाज ऐकू आला. "केवढं कढत."

"सोस," अक्का म्हणाल्या. "माझ्या रंगाला बोललीस तेव्हा मी सोसलंच की."

मग आतून एक विचित्र आवाज आला. रडते की काय म्हणून मी दारापाशी गेले. नणंद तोंडाच्या चांगल्या बाजूने हसत होती.

त्यानंतर ती दोन वर्षं जगली. गेली त्या सकाळी कृष्णराजनगरहून नातेवाईक आले. शेवटच्या आंघोळीची घाई सुरू झाली. कुणीतरी हौदातल्या पाण्याच्या दोन बादल्या आणून ठेवल्या.

"बेडा," अक्का म्हणाल्या. "हे नको."

"काकू, आता तिला काय गार आणि काय गरम?" पुतण्या म्हणाला.

अक्कांनी दोन्ही बादल्या उचलून अंगणातल्या नारळाला ओतल्या आणि न्हाणीघरात जाऊन पंपाचं बटण दाबलं. आम्ही सगळे दारात उभे होतो. पंप बारीक आवाजात घुमत होता, आणि नळाच्या पाइपावर तळहात ठेवून अक्का पाणी तापायची वाट बघत होत्या.