हेलन आंटींच्या आजोबांची वही

चहा घ्या आधी. आता काय सांगू तुम्हाला, इतका सुशिक्षित गाढवपणा माझ्याशिवाय कुणाला जमणार नाही!

सिंगापुरात, क्वीन्सटाउनला आमच्या शेजारी हेलन आंटी राहतात. मूळच्या इंग्लंडमधल्या एका चिमुकल्या खेड्यातल्या. तिथल्या चर्चचा इतिहास त्यांच्या आजोबांनी एका वहीत लिहून ठेवलेला. जगात एकच प्रत! आंटींनी लहानपणानंतर ती उघडलीही नव्हती. आता गावकरी त्याचं पुस्तक काढणार होते, म्हणून आंटींनी वही स्कॅन करायला माझ्याकडे दिली. आयटीवाला ना मी!

वाचायला बसलो आणि थक्क झालो हो! पिढ्यान्‌पिढ्या चर्चची घंटा वाजवणारं एकच घर. वाटेत गारठून मेलेला कुणी वाटसरू, त्याच्याही दफनाची नोंद: 'नाव देवाला ठाऊक.' मला पणजोबांचं नाव विचारा, मी आईला फोन लावतो! हात आपोआप जोडले गेले माझे.

त्यात आला दसरा. सरस्वतीपूजनाला पुस्तकं मांडली. मग एवढी थोर वही काय कपाटात ठेवायची? मांडली. आणि भक्तीच्या भरात ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं थेट पहिल्या पानावर!

"अहो, लोकांची वही ती!" बायको ओरडली.

मी घाईघाईनं टिश्यूनं पुसायला गेलो. डाग पसरून चांगला अंगठ्याएवढा झाला. घाबरून मी तसंच स्कॅन करून गावकऱ्यांना पाठवलं आणि वही गुपचूप परत दिली.

दोन दिवसांनी आंटी दारात. डोळ्यांत पाणी!

"बघितलंस? पहिल्याच पानावर आजोबांच्या अंगठ्याचा ठसा! गावकरी म्हणतात, मुखपृष्ठावर हाच छापायचा."

"हो, फारच... ठळक आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"बाबा, जस्ट टेल हर ला!" त्या गेल्यावर मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"तिकडे छापलं की तुमचं बोट कायमचं आंटींचे आजोबा होणार," बायकोनं समजावलं.

खरंच होतं ते. ज्यांनी वाटसरूचंही खोटं नाव लिहिलं नाही, त्यांच्या पुस्तकात माझी लबाडी? गेलो आणि सगळं सांगून टाकलं. आंटींनी वही उघडून तो डाग पुन्हा निरखला. माझा जीव टांगणीला!

"म्हणजे तू माझ्या आजोबांच्या वहीची पूजा केलीस?"

"हो."

"मग तुझं नाव पुस्तकात यायलाच हवं," त्या डोळे पुसत हसल्या.

मी हवेत! ऑफिसात चार जणांना सांगूनही आलो. शेवटी पुस्तक आलं. भराभर पानं उलटली, आणि सापडलं की हो नाव!

'चर्चच्या ठेव्याचे आजवर झालेले नुकसान' या प्रकरणात. वीज, वादळ, उंदीर आणि मी.