हिरव्याच्या पोटातला निळा

भिंत निळी पडली होती, आणि ती आदेमार ओल्मेदोच्याच हातून निळी पडली होती. त्याने मुद्दाम केलं नव्हतं हे सगळ्यांना मान्य होतं. पण 'कुर्तिदोरेस' फुटबॉल क्लबाच्या मैदानाची रस्त्याकडची लांबलचक भिंत, तीही गावातल्या निळ्या क्लबाशी, नाउतिकोशी, सामना आठवड्यावर आलेला असताना निळी दिसावी, यात मुद्दाम काय नि चुकून काय! आमच्या या नदीकाठच्या गावात हिरव्या क्लबाची माणसं निळा टूथब्रशसुद्धा घरात आणत नाहीत. कुणी निळा थर्मास भेट दिलाच, तर आधी त्याला काळी चिकटपट्टी गुंडाळायची, मगच त्यातलं गरम पाणी 'माते' या आमच्या कडू चहाच्या तुंब्यात ओतायचं.

झालं होतं असं, की आदेमार भिंतीचा हिरवा रंग विकत घेत नसे, स्वतः कालवत असे. बापाने तसंच शिकवलं होतं. निळा घ्यायचा, पिवळा घालायचा आणि कालवताना दार लावून घ्यायचं. यंदा त्याने पिवळा जरा स्वस्तातला घेतला. उन्हाळ्याने तो चाटूनपुसून खाल्ला आणि मागे उरला नुसता निळा. दार लावून जपलेलं गुपित भर रस्त्यावर उघडं पडलं.

कुर्तिदोरेस म्हणजे कातडी कमावणारे; तसल्या कारखान्यातल्या कामगारांनीच हा क्लब काढला. नाउतिकोवाले बोटी वल्हवणारे, स्वच्छ कपड्यांतले. ते नाकाला रुमाल लावून सामन्याला यायचे आणि ओरडायचे, "वासाडे आले रे!" पुढच्या सामन्याला कामगारांनीच भलाथोरला फलक आणला: 'होय, वासाडेच!' तो रंगवला आदेमारच्या बापाने. पुढे कारखाना बंद पडला, वास गेला; नाव मात्र राहिलं. आता दुसऱ्या गावी सामना असला की आमची माणसं छाती काढून सांगतात, आम्ही वासाडे. आणि समोरचा बिचारा उगाच हुंगत बसतो.

आदेमारलाही एकेकाळी संघात खेळायचं होतं. प्रशिक्षकाने त्याला एकदा पळताना पाहिलं आणि प्रेमाने म्हटलं, "बाळा, तुझा बाप भिंत रंगवतो ना? उत्तम." तेव्हापासून ब्रश त्याच्या हातात आला तो आलाच. सामन्याला आत शिरताना जुने सभासद भिंतीला तळवा लावून जातात. तेवढ्यावर हा गडी खूश असायचा. बाकी अकरा जणांनी काय दिवे लावायचे ते लावोत, पहिला स्पर्श आपल्या कामाला!

क्लबच्या अध्यक्ष दोन्या इर्मा भिंतीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आदेमार, हे काय आहे?"

"भिंत."

"रंग विचारतेय मी!"

"हिरवाच आहे, दोन्या इर्मा. जरा थकलाय."

"थकलाय? अरे मेल्या, तो पक्ष बदलून बसलाय! ऐक, रविवारी ही भिंत हिरवी दिसली नाही, तर सोमवारी मी ती बिअर कंपनीच्या जाहिरातीला देणार. त्यांची माणसं, त्यांचा लाल रंग. तुझ्या ब्रशाला कायमची सुट्टी."

दुसरा कुणी असता तर घरी जाऊन पांघरूण घेऊन पडला असता. आदेमारने भिंतीवरून हात फिरवला. निळा घट्ट होता, एक पापुद्रा सुटत नव्हता. म्हणजे अर्धं काम झालेलंच होतं की! हरवला होता तो पिवळा. तो पातळ करून वरून चढवला की झालं.

पण उन्हाला पुरून उरेल अशी पिवळी भुकटी गावात एकाच माणसाकडे होती. फरशा बनवणारा लाउरेआनो, आदेमारच्या बायकोचा भाऊ आणि नाउतिकोचा जुना गोलकीपर.

"या दाजी, या!" लाउरेआनोने दारातच हात पसरले. "ऐकलं मी. तुमच्या हिरव्याच्या पोटात इतकी वर्षं आमचा निळा नांदत होता म्हणे?"

"उलटं आहे रे बाबा. उन्हातान्हात रंग उडाला की आमच्यातलं जे उरतं, त्याला नाउतिको म्हणतात."

लाउरेआनो इतका हसला की माते पिता पिता त्याला ठसका लागला. डोळे पुसत त्याने भुकटीची गोणी ओढून पुढे ठेवली.

"घेऊन जा. पैसे नकोत. एवढीच भुकटी परत आणून द्यायची. पण इथे नाही, आमच्या क्लबात. पुढच्या दाराने यायचं आणि सगळ्यांदेखत कट्ट्यावर ठेवायची."

आदेमारने आयुष्यात त्या दारासमोरचा फुटपाथही तुडवला नव्हता. "देईन," तो म्हणाला आणि गोणी खांद्यावर मारली.

शनिवारी अर्धं गाव खुर्च्या घेऊन भिंतीसमोर बसलं. पहिला हात मारला तर पोपटी उमटला. "अरे, पोपट झाला!" कुणीतरी ओरडलं. दोन्या इर्मांनी कपाळाला हात लावला.

"पोपट हिरवाच असतो," आदेमार मागे न बघता म्हणाला. त्याने आणखी पाणी घातलं, ढवळलं आणि कोपऱ्यापासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी पिवळा ब्रश निळ्यावरून सरकला आणि मागे हिरवा उमटत गेला. बापाच्या हातचा, तोच गडद. खुर्च्या हळूहळू पुढे सरकल्या. सगळे पाहत होते पिवळा आणि निळा, आणि भिंतीवर येत होता आपला रंग. एक म्हातारा पुटपुटला, "म्हणजे आपला हिरवा व्हायला ते निळेही लागतात तर." शेजारणीने त्याला गप्प केलं.

रविवारी निळे पाहुणे कॅमेरे घेऊन आले आणि हिरव्या भिंतीसमोर तोंड वाकडं करून आत गेले. सामना गोलाविना बरोबरीत सुटला. दोन्या इर्मांनी बिअर कंपनीच्या माणसाला फाटकातूनच परत पाठवलं. वर आदेमारला बजावलं, "पुढच्या वर्षी पिवळा माझ्यासमोर घ्यायचा."

भुकटीची नवी गोणी आदेमारने कधीच आणून ठेवली आहे. नाउतिकोच्या पुढच्या दाराऐवजी ती अजून स्वयंपाकघराच्या दारामागेच उभी असते आणि बायको केर काढताना रोज तिला शिव्या देते. रविवारी निखाऱ्यांवर मांस भाजताना लाउरेआनो न चुकता विचारतो, "दाजी, आमचं पिवळं?"

"येतोय की," आदेमार म्हणतो, "जरा मीठ दे इकडे."