सत्त्याऐंशी नंबरची टोपी

माझा मामा माणसांना चेहऱ्यावरून ओळखत नाही. डोळे चांगले शाबूत आहेत, सुईत दोरा पहिल्या प्रयत्नात ओवतो. पण चेहरा समोर आला की त्याची पाटी कोरी. चौतीस वर्षं सभागृहाच्या दारात लोकांच्या टोप्या सांभाळल्यावर दुसरं काय होणार, असं मामी म्हणते. मामी याहून बरंच काही म्हणते, पण तिचं सगळं लिहायला बसले तर मामा बाजूलाच राहील.

सभागृहाच्या मोठ्या दारातून आत आलं की डाव्या हाताला मामाचं काउंटर. पुढे लाकडी फळी, मागे भिंतभर एकशे चाळीस खुंट्या. तुम्ही टोपी द्यायची, मामा पितळेचा बिल्ला देणार. गाणं संपलं की बिल्ला द्या, टोपी घ्या. यात काही डोंगर उचलायचा नाही, हे मलाही कळतं. पण चौतीस वर्षांत याची टोपी त्याच्या डोक्यावर एकदाही गेली नाही. शेजारच्या पोहण्याच्या तलावाचे बिल्लेही पितळेचेच, म्हणून घोळ नको यासाठी मामाने आपल्या प्रत्येक बिल्ल्याला भोकाजवळ कानशीने एक बारीक खाच पाडून घेतली होती. टोपी आली की तो आधी आतला पट्टा बघायचा. माणूस तेल किती लावतो, घाम किती येतो, बायकोशी बरं चाललंय का, सगळं त्याला त्या पट्ट्यावरून कळायचं. शेवटचं कसं कळायचं ते त्याने आम्हाला कधीच सांगितलं नाही.

एकदा भाजी घ्यायला गेलो असताना आमच्या डॉक्टरांनीच त्याला थांबवलं. "काय, गुडघा कसा आहे?" मामा त्यांच्याकडे टकामका बघत राहिला. मी चिमटा काढला, उपयोग शून्य. शेवटी ऊन लागतंय म्हणून डॉक्टरांनी पिशवीतली टोपी काढून डोक्यावर ठेवली, आणि मामाचा चेहरा उजळला. "अरे! बावन्न नंबर! या, या!" याच डॉक्टरांनी त्या गुडघ्यात दोन इंजेक्शनं दिली होती.

घरीही तीच शिस्त. छपराखाली पुरुषाच्या डोक्यावर टोपी दिसता कामा नये. माझा नवरा, तेव्हा तो नवरा झालेला नव्हता, पहिल्यांदा आमच्याकडे आला तो लोकरीची टोपी घालून. मामाने दारातच हात पुढे केला. त्याला वाटलं हात मिळवायचाय, म्हणून त्याने हात मिळवला. मामाने तो हात बाजूला केला, स्वतःच्या हाताने त्याची टोपी काढली, ती कपाटावर ठेवली आणि त्याला कागदाची चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: एक. मला इतका राग आला की मी दोन दिवस मामाशी बोलले नाही. नवऱ्याने मात्र ती चिठ्ठी अजून पाकिटात ठेवली आहे. अशा माणसाशी लग्न केलं म्हणजे आपलंही डोकं तपासून घ्यायला हवं होतं, असं मला कधीकधी वाटतं.

मग काळ बदलला. एके काळी शंभरावर खुंट्या भरायच्या. त्या साठावर आल्या, विसावर आल्या, आणि एक दिवस मामा सांगू लागला की आज तीन टोप्या होत्या, त्यातल्या दोन ओल्या. टोप्या संपल्या होत्या असंही नाही. तरुण पोरं चांगली चोच पुढे काढलेली टोपी घालून यायची आणि तशीच आत जाऊन बसायची.

"टोपी?" मामा हात पुढे करून विचारायचा.

"काय झालं टोपीला? वाकडी बसलीय का?" असं म्हणून पोरगा ती नीट बसवायचा आणि आत जायचा.

काहींची चोच मागे असायची. पायात सपाता, खाली अर्धी चड्डी, आणि समोर स्टेजवर बिचारे वाजवणारे गळ्यापर्यंत बटणं लावून घामाघूम. मामा घरी येऊन चहा गार होईपर्यंत पुढ्यात घेऊन बसायचा. एकदा मीच चिडून म्हणाले, "अरे मामा, टोपी काढल्याने गाणं गोड लागतं का? लोकांना आरामात बसू दे की."

त्यावर तो म्हणाला, "टोपी काढायला माणसाला क्षणभर थांबावं लागतं गं. तेवढाच तो दारात थांबतो, माझ्याकडे बघतो, 'काय, बरं आहे ना' म्हणतो. आता मी तिथे आहे हेच कुणाला दिसत नाही." मला बोलून गेल्याचं वाईट वाटलं, आणि मी त्याच्या पुढ्यातला गार झालेला चहा पुन्हा गरम करून आणला.

गेल्या वर्षी सभागृहाला नवीन मॅनेजरबाई आल्या. वय असेल एकोणतीस-तीस, पायात पळायचे बूट, चालताना किल्ल्यांचा जुडगा खिशात खुळखुळतोय. कामाला वाघीण. आल्या आल्या त्यांनी गळकी छपरं दुरुस्त केली, आणि मग मोर्चा माणसांकडे वळवला. सगळ्या नोकरांना नवा पोशाख: निळा टी-शर्ट आणि वर सभागृहाचं नाव लिहिलेली चोचीची टोपी. लोकांना आपलेपणा वाटावा म्हणून.

शिवाय मामाला वेगळं बोलावून त्यांनी सांगितलं, "मामा, एक महिना बघते. काउंटरवर टोप्या आल्या तर ठीक. नाहीतर तिथे लोकांना फोटो काढायला छान कोपरा करू, आणि तुम्ही बाहेर गाड्या लावून घ्या."

मामाच्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती. दोन वर्षं उन्हात उभं राहून शिट्टी फुंकायची, आणि तीही त्याच्या गुडघ्याने! मामी म्हणाली, "सोडून द्या. घरी बसा." मामा म्हणाला, "घरी बसून तुझ्या टोप्या सांभाळू?" मामीकडे बागेतली गवती टोपी एकच होती.

दुसऱ्या दिवशी मामा निळा टी-शर्ट घालून निघाला. पोटावर सभागृहाचं नाव ताणून दुप्पट मोठं झालं होतं. डोक्यावर ती टोपी. गल्लीतली माणसं हसली, पण मामा तोऱ्यात चालत गेला. सभागृहाच्या दारात आला, टोपी काढली, काउंटरच्या फळीवर ठेवली. मग आत गेला, पट्टा तपासला, टोपी एक नंबरच्या खुंटीला लावली, तिचा बिल्ला फळीवर ठेवला, आणि बाहेर येऊन तोच उचलून खिशात टाकला. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

थोड्या वेळाने मॅनेजरबाई आल्या. "मामा, टोपी कुठाय?"

"जमा आहे."

"जमा म्हणजे?"

मामाने बिल्ला दाखवला. "सहा वाजता सुटी झाली की मिळेल."

नियम सांगत होता की टोपी घालून यावं. मामा टोपी घालून आला होता. दुसऱ्या दिवशी दारवानाने आपली टोपी काउंटरवर आणून ठेवली, तिसऱ्या दिवशी दिवे सांभाळणाऱ्याने. झाडणाऱ्या मावशींनी तर झाडूही जमा करायचा प्रयत्न केला. आमच्याही घरातून कुमक गेली. मामीची गवती टोपी घालून मी दोनदा गाणं ऐकायला गेले. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. नवऱ्याने लोकरीची टोपी भर उन्हाळ्यात घातली आणि पुरळ उठवून घेतलं.

पण बाई काही दुधखुळ्या नव्हत्या. महिना संपला त्या दिवशी दुपारी त्या हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन काउंटरवर आल्या. मी मामाचा डबा द्यायला गेले होते, म्हणून तिथेच होते.

"मामा, मी रोज बघत होते. टोप्या येतात, पण सगळ्या आपल्याच. नोकरांच्या, नाहीतर तुमच्या भाचीच्या." माझे कान तापले. "मला यात आनंद नाही. पण किल्ली द्या."

मामाने काउंटरची किल्ली कमरेच्या दोऱ्यातून सोडवली आणि पुढे केली. ती जुडग्यात अडकवायला बाईंनी जुडगा फळीवर ठेवला, आणि मामाचा हात मधेच थांबला.

जुडग्यात एक पितळी चकती होती. झिजून गुळगुळीत झालेली, त्यावर पुसटसे सत्त्याऐंशी. भोकाजवळ खाच.

"हा कुठून आणलात?" मामाने विचारलं. त्याचा आवाज असा चढला की बाईही दचकल्या.

"हा? हा लहानपणापासून माझ्याकडे आहे. बाबांनी दिलेला. मी जन्मले त्या दिवसाचा आहे. इस्पितळातला खाटेचा नंबर असणार."

"खाटेचा नाही. माझा आहे," मामा म्हणाला, आणि किल्ली विसरून आत गेला.

सत्त्याऐंशी नंबरच्या खुंटीवरची तपकिरी टोपी आम्हा सगळ्यांना माहीत होती. दर सोमवारी मामा तिच्यावरून मऊ ब्रश फिरवायचा. मामी तिला 'माझी सवत' म्हणायची. तिचा मालक एकदाच आला होता, एकोणतीस वर्षांपूर्वी. गाणं रंगात आलेलं असताना ऑफिसात फोन आला, दारवान रांगारांगांतून कुजबुजत फिरला, आणि एक माणूस उठून बाजूच्या दाराने बोडका धावत सुटला. मामा टोपी घेऊन रस्त्यापर्यंत मागे पळाला, पण गाडी निघून गेली होती. सोमवारी येईल, असं मामा म्हणाला. तेव्हापासून तो सोमवार चालू होता.

मामाने दोन्ही हातांनी टोपी आणून फळीवर ठेवली. "बिल्ला द्या, टोपी घ्या."

बाई टोपीकडे बघत राहिल्या. "बाबांनी सांगितलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "आजीने त्यांना घरातून हाकललं होतं, येरझाऱ्या घालून डोकं उठवू नका म्हणून. ते गाणं ऐकायला गेले आणि टोपी हरवून आले. कुठे ते मी कधी विचारलंच नाही. आईला ती टोपी मुळीच आवडायची नाही. मुलगी आली आणि टोपी गेली, एका दिवसात दोन चांगल्या गोष्टी झाल्या, असं ती म्हणायची. मग बाबांची परत न्यायची हिंमतच झाली नसेल." बोलता बोलता त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. मलाही आलं. मामाला मात्र बिल्ल्याची घाई झाली होती. बाईंना जुडग्यातून तो निघेना. नख तुटलं, तेव्हा मीच केसातली पिन काढून दिली.

मामाने बिल्ला घेऊन खाच अंगठ्याने चाचपली, आणि टोपी दिली. बाई ती छातीशी धरून ऑफिसात गेल्या. काउंटरची किल्ली फळीवर तशीच राहिली. संध्याकाळपर्यंत ती न्यायला कुणी आलं नाही, म्हणून मामाने ती पुन्हा कमरेला बांधली.

रविवारी गाण्याला मामीही आली होती, आपली सवत एकदाची घरी गेली म्हणून खुशीत. बाई निळी टोपी घालून दाराशी उभ्या होत्या. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आत आले. पायात सपाता, अंगात फुलाफुलांचा शर्ट, खाली अर्धी चड्डी, गुडघे उघडे. डोक्यावर तपकिरी टोपी.

मामाने त्यांना जन्मात एकदाच पाहिलं होतं. पण या वेळी ओळखायला एक क्षणही लागला नाही. "या, सत्त्याऐंशी!"

गृहस्थ थांबले. टोपी काढून फळीवर ठेवली. "काय, बरं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे," मामा म्हणाला. "उशीर केलात."

"बायकोची परवानगी आत्ता मिळाली."

मामाने सत्त्याऐंशीचा बिल्ला पुढे केला. गृहस्थांनी तो मुठीत दाबून धरला. मामी माझ्या कानाशी लागली, पण तिची कुजबुज दुसऱ्या टोकालाही ऐकू जाते. "अगं, त्यांची चड्डी तरी बघ! गाण्याला हे असं?"

"मानेखालचं माझ्या खात्यात येत नाही," मामा म्हणाला, आणि बाईंकडे वळून त्याने हात पुढे केला.

बाईंनी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी नव्हतं. "मी? बायकांना माफ असतं ना, मामा?"

"पूर्वी होतं. आता सगळे सारखे म्हणता ना?"

बाईंनी टोपी काढली. केस चपटे होऊन बसले होते, त्यावरून हात फिरवत त्यांनी ती फळीवर ठेवली. मामाने आतला पट्टा बघितला, मान हलवली आणि त्यांना बिल्ला दिला. तेवढ्यात एक पोरगा चोच मागे केलेली टोपी घालून आत आला. त्याने बाईंकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि निमूटपणे रांगेत लागला.