रिकामी पाव फेरी

डोंबिवलीच्या घरात बाल्कनी बंद करून मी धातू कातायचं छोटं लेथ मशीन बसवलं, ते माझ्या हौसेसाठी. पण त्यावर जास्त काम करायचे बाबा. मानपाड्याच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर टर्नर म्हणून काम केलं होतं. आता नजर अधू झाली होती, हँडलवरचे आकडे दिसत नसत. सगळं हाताच्या अंदाजाने चालायचं.

मशीनच्या दोषांची मी यादी केली होती. पहिलाच दोष असा, की हँडल मागे घेऊन पुन्हा पुढे फिरवताना पाव फेरी रिकामी जायची, कापणारं टूल हलायचंच नाही. एका रविवारी मी आतला झिजलेला नट बदलला आणि यादीत टिक केली. बाबांना सांगायचं मात्र राहून गेलं.

त्याच आठवड्यात ते शेजारच्या काकूंच्या शिलाई मशीनसाठी पितळी पिन करायला बसले. सवयीने पाव फेरी जास्त दिली आणि पिन बारीक झाली. तीन पिना वाया गेल्यावर त्यांनी मशीन पुसून ठेवलं.

"हात गेला रे माझा."

"बाबा, अहो मी नट बदललाय. चूक माझी आहे."

"मशीन सुधारलं आणि काम बिघडलं, म्हणजे हातच गेला ना? उगाच समजूत काढू नकोस."

मी लगेच जुना नट परत बसवला. ते काही पुन्हा बाल्कनीत आले नाहीत. दोन महिन्यांनी ते गेले, हात गेला या समजुतीतच.

काकूंची पिन शेवटी मी केली, त्याच जुन्या नटावर. मला आकडे स्वच्छ दिसतात, तरी माझ्याही तीन पिना वाया गेल्या.